महागाचे, स्वस्ताचे, मापाचे

उमरीत स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याला एक एकत्र कुटुंब राहत होतं. म्हातारी सासू, दोन मुलगे, दोन सुना आणि प्राथमिक शाळेत जाणारी तीन लेकरं. थोरल्या सुनेचा शेंडेफळ मुलगा तिसरीला, धाकट्या सुनेचा मुलगा दुसरीला. तिसरी होती सासूबाईंची नात, लेकीची लेक. तिचे आईबाप हैदराबादेत बांधकामावर होते. ती आजोळी राहून जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत शिकत होती.

२०२३ सालचा जून. शाळा उघडायला चार दिवस उरले होते. थोरलीनं लोखंडी कपाट उघडून गाठ मारलेली एक प्लास्टिकची पिशवी बाहेर काढली. आत मोठ्या मुलाचे बूट होते. पाच वर्षांपूर्वी नांदेडहून घेतलेले, लग्नकार्याला आणि सणावाराला मोजून आठ-दहा वेळा पायात गेलेले, आणि मग ‘धाकट्याला होतील’ म्हणून जपून ठेवलेले. वरून अजूनही आरशासारखे चमकत होते. पोरानं पाय घातले, नाडी बांधली आणि शहाबादीवर दोन पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला तळ निखळला. सोलचा नुसता चुरा झाला. केरसुणीनं भरून काढावा लागला.

धाकटी दाराशी उभी होती. तिला राहवलं नाही.

“ताई, हे तर महागाचे होते ना? आमचं बरं बाई. बाजारातून घ्यायचे, फाटले की फेकायचे. जीव तरी जळत नाही.”

“तुझे दोन महिन्यांत फाटतात, माझे पाच वर्षं टिकले,” थोरली फणकारली.

“टिकले कुठं? कपाटात बसले होते.”

दोघींचं वाजलं. बूट हे निमित्त होतं. थोरलीचा नवरा पगारदार, धाकटीचा शेती बघणारा, आणि कुणाच्या लेकरानं काय घातलं यावर घरात बारा महिने नजर असायची. आजी तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. ती सुपातून मान वर न काढता म्हणाली, “भांडून काय कळायचंय? हिशेब ठेवा. इथली बँक लुटली तेव्हा लुटीचा पैसान् पैसा लिहून ठेवला होता म्हणतात आपल्या माणसांनी. आणि तुम्हाला तीन लेकरांच्या बुटांचा हिशेब जमंना?”

आजीचं हे नेहमीचं होतं. ३० जानेवारी १९४८ ला निजामाविरुद्धच्या लढ्यात स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली, ती गोष्ट तिनं लहानपणी घरच्या पुरुषांच्या तोंडून ऐकलेली होती. घरात पैशावरून कुरबुर झाली की ती हा दाखला काढायचीच. सुना हसल्या, पण हिशेब ठरला. ज्या दिवशी बूट पायात जातील त्या दिवशीची तारीख बुटाच्या जिभेखाली बॉलपेननं लिहायची, आणि एप्रिलमध्ये परीक्षा संपली की बूट गटईमामापुढं ठेवायचे.

गटईमामा म्हणजे स्टेशनाजवळ पत्र्याच्या स्टॉलमध्ये बसणारे कारागीर. समाजकल्याण विभागाच्या योजनेतून त्यांना हा स्टॉल मिळाला होता. त्याआधीची बरीच वर्षं त्यांनी लिंबाखाली पोतं अंथरून काढली होती. पुढ्यात लोखंडी ऐरण, हाताशी रापी, आरी आणि मेण लावलेला दोरा, आणि झाकण कधीच नीट न लागणारा सोल्युशनचा डबा. गावातल्या बहुतेक लेकरांचे बूट त्यांच्या हाताखालून गेलेले.

थोरली पॅसेंजरनं नांदेडला गेली. वजिराबादेत एका मोठ्या दुकानात तिनं १,१९९ रुपयांचे काळे बूट पसंत केले. पोराला बसवून पाहिले तर अगदी मापात.

“याच्यापेक्षा दोन नंबर मोठे द्या,” ती म्हणाली.

दुकानातला पोरगा म्हणाला, “मावशी, अंगठ्यापुढं बोटभर जागा आहे की. मोठे घेतले तर पडेल लेकरू.”

“एवढे पैसे एका वर्षासाठी घालायचे का? पुढच्या वर्षी पण चालले पाहिजेत.”

बुटाचा एक नंबर वाढला की लांबी इंचाच्या तिसऱ्या भागानं, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास वाढते. दोन नंबर म्हणजे सतरा मिलिमीटर. बोटभर जागा आधीच होती, तिच्यात ही भर पडली. घरी आल्यावर थोरलीनं चवड्यात कापूस कोंबला आणि जिभेखाली तारीख लिहिली.

धाकटीनं आठवडी बाजारात ताडपत्रीवर मांडलेल्या ढिगातून अडीचशेची जोडी उचलली. घासाघीस करायला जागा होती, पण गर्दी होती, आणि पोरगं जिलेबीसाठी ओढत होतं. बूट पायात जातात एवढं बघितलं आणि आली.

नात चपलेवरच शाळेत जाऊ लागली. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना गणवेशाबरोबर एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे द्यायचे. त्यासाठी एका लेकरामागं १७० रुपये धरले. गुरुजींनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा एक पालक म्हणाला, “गुरुजी, १७० मध्ये बूट येतात का बुटाचं खोकं?” गुरुजी हसले, पण त्यांनी एक काम नीट केलं. कागदावर प्रत्येक लेकराचा पाय ठेवून पेन्सिलीनं आखून घेतला. पोळा झाल्यावर बूट आले. नातीला एक नंबर मोठे आले, कारण तिच्या मापाचे संपले होते.

आजीनं ते बूट नातीच्या पायात घातलेच नाहीत. खोक्यासकट उचलले आणि स्टॉलवर नेले.

मामांनी एक बूट हातात घेऊन दोन्ही टोकांकडून वाकवला. मग टाचेची मागची बाजू अंगठ्यानं दाबली. मग आतला सुखतळा नखानं उचलून खाली काय आहे ते बघितलं.

“माय, हे निस्तं सोल्युशनवर चिटकवलंय. कडेला टाके दिसायलेत ना, ते टाके नाहीत. साच्यातच उमटवलेलं टाक्याचं चित्र आहे. पावसात एकदा चिखल लागला की तोंड उघडतंय.”

“मग?”

“आजच टाके मारून देतो. फाटल्यावर आणलं तर कड उरत नाही धरायला. साठ रुपये.”

आजीला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला पंधराशे मिळत. त्यातून तिनं कनवटीचे साठ रुपये काढले. मामांनी सोलच्या कडेनं आरी घालून मेणाच्या दोऱ्यानं चारी बाजूंनी शिलाई मारली. जुन्या फोमचा एक जाडसर सुखतळा कापून आत बसवला, तशी एका नंबराची ढिलाई पुष्कळशी मोडली. पहिल्या आठवड्यात नातीच्या टाचेला फोड आलाच, कारण पीव्हीसीचा बूट कडकच असतो. तीन दिवस ती पुन्हा चपलेवर गेली. आजीनं टाचेच्या आतल्या कडेला खोबरेल चोळून ती जरा मऊ केली. मग बूट पायाला लागला.

इकडं पावसाळ्यानं आपलं काम जुलैतच सुरू केलं होतं. उमरीकडची काळी माती ओली झाली की पायाला धरून ठेवते. पाऊल उचलताना बूट खाली राहतो आणि सोल वरच्या भागापासून ओढला जातो. धाकटीच्या पोराचा उजवा बूट पुढून उघडला. मामांनी चाळीस रुपये सांगितले.

“अडीचशेच्या बुटाला चाळीस?” धाकटी म्हणाली. “त्यापेक्षा नवेच घेते.”

नवे आले. ते भिजले की ती गच्चीवर कडक उन्हात उलटे टाकायची. उन्हानं सोल्युशन आणखी सुटायचं. दिवाळीनंतर तिसरी जोडी आली, संक्रांतीनंतर चौथी. पोराला सवयच लागली. नाडी न सोडता टाच तुडवून पाय घालायचा, कारण हे बूट जाणारच आहेत हे त्याला ठाऊक होतं.

थोरलीच्या घरात उलटी तऱ्हा. “नीट चाल, बाराशेचे आहेत!” हे वाक्य पोराला सकाळ-संध्याकाळ ऐकावं लागे. त्यानं मग युक्ती काढली. खेळाच्या तासाला तो बूट काढून दप्तरात ठेवायचा आणि अनवाणी धावायचा. पायाला काटे मोडायचे, बुटाला ओरखडा नसायचा. आणि चालताना पाय आत मागंपुढं सरकायचा, त्यामुळं बूट बोटांच्या सांध्यापाशी वाकण्याऐवजी भलतीकडंच वाकायचा. ऑक्टोबरात त्या ठिकाणी आडवी भेग पडली. टाचेचं अस्तर घासून निघालं. २६ जानेवारीच्या संचलनात पोराचा पाय बुटातून निसटला आणि तो सगळ्यांदेखत पडला. त्या दिवसानंतर त्यानं त्या बुटांना हात लावला नाही. उरलेलं वर्ष सॅंडलवर काढलं.

एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपल्या. आजी दोन्ही सुनांना घेऊन स्टॉलवर गेली. लेकरं मागून आली. पाठोपाठ गुरुजीही आले, कारण नातीनं त्यांना वर्गात ही सगळी शर्यत सांगितली होती आणि त्यांना आकडेमोडीची हौस होती. पत्र्यावर ऊन तापलेलं. मामांनी बूट ओळीनं मांडले. थोरलीची एक जोडी, धाकटीच्या चारांपैकी घरात उरलेली शेवटची जोडी, आणि नातीचे. नातीच्या बुटाच्या अंगठ्यापाशी मध्यंतरी लावलेलं एक ठिगळ होतं. त्याचे तीस रुपये पडले होते.

गुरुजींनी खिशातून कागद काढला. “पहिली ते पाचवीला वर्षाला किमान दोनशे दिवस शाळा भरलीच पाहिजे, असा कायदा आहे. तेवढेच धरू. थोरल्या वहिनींचे बूट सुट्ट्या वजा जाता एकशेदहा दिवस पायात होते. ११९९ भागिले ११०, म्हणजे दिवसाला जवळपास अकरा रुपये. धाकट्या वहिनींच्या चार जोड्या, हजार रुपये, दोनशे दिवस. दिवसाला पाच. नातीचे पोळ्यानंतर आले, एकशेचाळीस दिवस. सरकारचे १७०, टाक्यांचे साठ, ठिगळाचे तीस. दोनशेसाठ भागिले एकशेचाळीस. दोन रुपयांच्याही आत.”

धाकटीनं थोरलीकडं बघितलं. “बघा ताई. स्वस्तच बरे.”

मामांनी मान हलवली. “असं नाही, बाई. तुमचे बूट स्वस्त होते म्हणून हरले, आणि ताईंचे महाग होते म्हणून हरले.”

कुणाला काही कळलं नाही. मामांनी थोरलीचा बूट उचलला.

“या तिन्हींत बूट म्हणून हाच चांगला. मी धंदा करतो, मला खोटं बोलून चालत नाही. टाच दाबा, आत पक्का पुठ्ठा आहे, दबत नाही. हे टाके खरे आहेत. सोल हलका आहे. हा मापाचा घेतला असता तर वर्षभर काही झालं नसतं. पण ताईंनी किंमत ऐकली आणि दोन नंबर वाढवले. किंमत जास्त म्हणून लेकराला खेळू दिलं नाही. गेल्या जूनला चुरा झाला तो पण किमतीपायीच. ते पीयूचं सोल होतं. ते ओलसर हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलं की आतून मरतंय. त्यात पिशवीला गाठ मारली की आतली ओल आतच. रोज घातले असते तर लेकराच्या पायात झिजले असते, कपाटात कुजले नसते.”

थोरली गप्प.

मग त्यांनी धाकटीच्या बुटाचा सुखतळा वर ओढला. खाली भिजून फुगलेला पुठ्ठा निघाला. “हे बघा. याच्या खाली किंमत गेली की बुटात माल उरत नाही. तेवढ्यापुरती किंमत बोलते. पण जुलैतला बूट सुद्धा चाळीस रुपयांत दिवाळी गाठत होता. तुम्ही शिवला नाही, कारण अडीचशेचाच आहे म्हणालात. लेकरानं टाच तुडवली, कारण त्याला पण तेच कळलं होतं.”

“आणि हिचे?” गुरुजींनी विचारलं.

“हिचे तर त्याच्याहून उणे. १७० मध्ये दोन जोड्या मोजे पण बसवायचे, मग बुटाला कितीक राहिले? हे टिकले त्यात बुटाचा मोठेपणा नाही. लेकराजवळ दुसरे नव्हते, म्हणून माय रोज बघत होती.”

हे खरं होतं. शाळेतून आल्यावर नात बूट ओल्या फडक्यानं पुसायची, भिजले असतील तर आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरायची आणि ओसरीत सावलीला ठेवायची. एखादा टाका सैल दिसला तर आजी त्याच संध्याकाळी स्टॉल गाठायची. यात फार कष्ट नव्हते. फक्त कुणाचं तरी रोज लक्ष होतं.

थोरलीनं तिच्या बुटाची भेग बोटानं चाचपली. वर्षात पोराचा पाय वाढला होता आणि ते बूट आता कुठं त्याच्या मापाला आले होते. घालण्याजोगे मात्र राहिले नव्हते.

“मग काय करायचं होतं, मामा?” तिनं विचारलं. आवाजात फणकारा नव्हता.

“संध्याकाळी जायचं दुकानात, दिवसभरात पाय जरासा फुगलेला असतो तेव्हा. लेकराला उभं करून दोन्ही पाय बघायचे, एक थोडा मोठा असतोच. अंगठ्यापुढं बोटभर जागा, त्याहून जास्त नाही. वाकवून बघायचं. बोटं वाकतात तिथं बूट वाकला पाहिजे, मधोमध नाही. बुटाचा भाव सगळ्यात शेवटी विचारायचा. आणि दर दोन-तीन महिन्यांनी पाय मोजायचा. या वयात बूट फाटायच्या आधी पाय वाढतोय. दहा वर्षं टिकणारा बूट घेऊन तिसरीतल्या लेकराला काय उपयोग?”

“म्हणजे चांगला बूट घेतला तरी एका वर्षात लहानच होणार,” धाकटी म्हणाली.

“याला लहान झाला म्हणजे वाया गेला का?” मामांनी दुसरीतल्या पोराकडं बोट केलं. “हा काय परका आहे?”

गुरुजींनी कागद उलटा केला. “मापाचा घेतला, साठ रुपये शिलाई-दुरुस्तीला धरले, आणि दोन लेकरांनी एकेक वर्ष घातला. १,२५९ भागिले चारशे. तीन रुपये आणि वर थोडं.”

दोन्ही सुना एकमेकींकडं बघेनात. हिशेब सोपा होता, पण तो मांडायचा तर एका घरातल्या दोन कपाटांना एकमेकांशी बोलावं लागलं असतं. थोरलीच्या मनात होतं, माझ्या लेकराचं हिच्या लेकराला दिलं तर ही म्हणेल उष्टं दिलं. धाकटीच्या मनात होतं, मागितलं तर ही बाई गावभर सांगेल.

आजीनंच तोंड फोडलं. “उष्टं-बिष्टं काही नाही. निम्मे-निम्मे पैसे घाला. मग बूट घराचा.”

“एक बघा पण,” मामांनी बजावलं, “दुसऱ्याला द्यायच्या आधी टाच बघायची. एकाच बाजूनं झिजली असंल तर पहिल्या लेकराची चाल त्या बुटात बसलेली असते. तसला दुसऱ्याच्या पायात घालायचा नाही. माझ्याकडं आणा, मी सांगतो.”

जून २०२४ मध्ये दोघी जावा मिळून नांदेडला गेल्या. संध्याकाळची वेळ धरली, दोन्ही पोरांना बरोबर नेलं. तिसरीतून चौथीत गेलेल्या पोराला मापाचे, अंगठ्यापुढं बोटभर जागेचे बूट घेतले. भाव मधला निघाला, बाराशेही नाही आणि अडीचशेही नाही. पैसे दोघींनी घातले. धाकटीनं आपल्या पोरासाठी या वर्षापुरता साधा बूट घेतला, पण घरी न जाता स्टेशनावरून सरळ स्टॉलवर आली आणि कडेनं टाके मारून घेतले. पोरांना खेळाच्या तासाला बूट काढायची मनाई झाली, आणि टाच तुडवायचीही. नातीच्या पायाला जुने बूट लहान झाले होते. तिनं ते पुसून गुरुजींकडं दिले. शाळेत नवीन आलेल्या एका पहिलीतल्या मुलीला मोठे व्हायचे, म्हणून गुरुजींनी ते दुसरीतल्या एकीला दिले.

ऑगस्टमध्ये थोरलीच्या पोराच्या बुटाची नाडीची एक कडी निघाली. दुरुस्तीला तीस रुपये पडले. थोरली म्हणाली पंधरा तुझे, धाकटी म्हणाली अजून माझ्या लेकराच्या पायात आला कुठं. यावरून थोडी कुरबुर झालीच, शेवटी जावाच त्या. पण कडी त्याच संध्याकाळी बसली, आणि पंधरा रुपये आजीच्या डब्यात पडले.

या गोष्टीचा बोध इतकाच. अगदी हलक्या मालाची पायरी ओलांडली की किंमत बुटाला फार काही करत नाही, ती माणसाच्या वागण्याला वळण लावते. जे महाग, ते आपण वापरायला भितो. जे स्वस्त, ते दुरुस्त करायला लाजतो. आणि लेकराच्या पायात जी गोष्ट टिकते, ती त्याच्या मापाची असते, वेळेवर शिवलेली असते आणि घरातल्या कुणीतरी रोज बघितलेली असते. दुकानात पैसे एकदाच मोजावे लागतात, त्यामुळं तेवढेच आपल्या लक्षात राहतात. हिशेब मात्र त्यानंतरच्या दोनशे दिवसांचा असतो.